दुकानाचा नंबर

सायलीचं नाव यादीत नाही हे कळलं तो शनिवार होता, आणि त्याच दिवशी कासमच्या गेलेल्या बायकोचा, खुर्शिदचा, चाळिसावा होता.

सकाळपासून अंगणात मटणाची मोठी डेग चढली होती. दुपारच्या जोहरच्या नमाजनंतर मौलवीसाहेब फातेहा पढायला येणार होते. कासमने दुकान बंद ठेवलं होतं. कॉइल भरायला आलेल्या पाण्याच्या चार जळक्या मोटारी शटरच्या आत तशाच पडून होत्या. जुन्या घरोब्याचे सर्जेराव शनिवारी मटण खात नाहीत म्हणून सून आसमीनने त्यांच्यासाठी वेगळ्या पातेल्यात मसालेभात टाकला. ही आठवण दरवेळी खुर्शिद करून द्यायची. या वेळी कासमला ती आपली आपण झाली, आणि झाली याचंच त्याला वाईट वाटलं.

सर्जेराव वेळेच्या आधीच आले. बरोबर नात होती. सायलीच्या खांद्याला पिशवी होती, केसांवर रस्त्याची धूळ. शिरूरहून ती घरी न जाता थेट इकडे आलेली दिसत होती.

"बसा सर्जेराव."

"बसतो. पर आदी हिचं आयका. मला सांगताना हिचं अर्धं त्वांडातच ऱ्हायलं."

सायली उभीच राहिली. "आरिफदादा कुठंय, चाचा?"

"मौलवीसाहेबांना आणायला गेलाय. का गं?"

"मी शिरूरच्या रोजगार सेंटरला गेले हुते. रांजणगावच्या कंपनीत बायांची भरती हाय, आयटीआयवाल्या. सोमवारी अकराला सेंटरवरनं यादी जाणार. माझं नाव न्हाई त्यात."

"न्हाई कसं? तुझी नोंद तर खुर्शिदनंच केली हुती."

"नोंद हाय. पर मी कामावर हाय म्हणत्यात. कोरेगावला, प्याकिंगला."

"ते तर तू सोडलंस."

"एकोणीस दिसांत सोडलं. बस गावात यायची बंद झाली, तवाच. खिडकीवरचा म्हणला, तुम्हाला फोन आला हुता, कामावर आहात का म्हणून, तर तुम्ही एक दाबलाय. आन् कामावर असल त्याचं नाव सहा महिनं नव्या यादीत घेत न्हाईत." ती थांबली. "मला फोनच आला न्हाई, चाचा."

कासमचा हात सदऱ्याच्या खिशावर गेला. खिशात मोबाईल होता.

"मी म्हणलं, नंबर कुणाचा लावलाय ते तरी इचारलंस का," सर्जेराव म्हणाले. "तर ही गप."

सायलीने आजोबांकडे पाहिलं नाही. "नंबर तुमचा हाय, चाचा," ती म्हणाली. "दुकानाचा."

*

ही गोष्ट खुर्शिदनेच सुरू केली होती, आणि तिच्या मते ती सगळ्यात सोपी होती.

कासम तरुण होता तेव्हा त्याचंही नाव पुण्याच्या रोजगार कार्यालयात होतं. एक कार्ड मिळायचं. ठरावीक वर्षांनी जाऊन त्यावर शिक्का मारून आणायचा. बोलावण्याचं पत्र आजवर आलं नाही. त्या कार्डाची खुर्शिद चेष्टा करायची. पुढे सरकारने हे काम एका संस्थेकडे दिलं, तेव्हा संस्थेला गावोगाव जाणारी बाई हवी होती. खुर्शिद गेली. दारात जाऊन बसायची, पोरीच्या आईशी बोलायची, कामाच्या पहिल्या दिवशी पोरीबरोबर कंपनीच्या गेटपर्यंत जायची. दोन वर्षांनी टेंडर निघालं आणि शिरूरचं सेंटर एका कंपनीकडे गेलं. कंपनीने गावातल्या कामाला संस्थाच ठेवली, संस्थेने खुर्शिदला ठेवलं, आणि सेंटरचा इन्चार्ज म्हणून कंपनीने तिच्या मुलाला, आरिफला घेतलं. तेव्हा घरात पेढे आले होते.

अडचण फोन नंबरची होती. पोरीचा नंबर बाहेरच्या हापिसात द्यायला घरचे तयार नसत. कित्येकींकडे फोन नसेच. भावाचा नंबर लावावा तर अनोळखी फोन आला की घरात भांडण. दुकानाचा नंबर मात्र सगळ्या केंदूर गावाला पाठ होता. पाणी भरताना मोटार जळली की लोक त्यावरच फोन करायचे. खुर्शिदने तोच लावला. फॉर्म भरताना पोरगी दुकानातच बसलेली असायची, फोनवर आलेला कोड तिथंच वाचून घ्यायची. एका नंबरावर कितीही नावं चालायची. कंपनी आल्यावरही ते कुणी बदललं नाही.

मग सेंटर चालवणाऱ्या कंपनीचे फोन सुरू झाले. पोरगी कामाला टिकली की नाही, ते महिन्याने आणि तीन महिन्यांनी विचारायचे. रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज पोरीचं पूर्ण नाव घ्यायचा. कामावर असाल तर एक दाबा, नसाल तर दोन दाबा. खुर्शिद तो फोन कापून टाकायची. पायात चपला घालायची, पोरीच्या घरी जायची, विचारून यायची. दुसऱ्या दिवशी फोन परत यायचा तेव्हा बरोबर तोच आकडा दाबायची.

ती गेली तरी फोन येतच राहिले.

*

"तुमी दाबला?" सर्जेरावांनी विचारलं.

"दाबला असंल," कासम म्हणाला. "कॉइल भरताना फेरे मोजावे लागतात, सर्जेराव. मधी बोललं की चुकतं. फोन वाजायचा. एक दाबला की तो बंद व्हायचा."

"माझी मोटार भरताना बी वाजला असंल. तरीच चार दिसांत जळली."

कासम जरासा हसला. सायली हसली नाही.

"आपण आरिफला सांगू," तो तिला म्हणाला. "चूक माझी हाय. तो काढून टाकंल."

सायलीने मान हलवली आणि पायरीवर बसली. पिशवी तिने मांडीवरच ठेवली. तिला पंचविसावं चालू होतं. या भरतीला पंचविसाच्या आतलीच बाई चालणार होती, आणि मार्चमध्ये तिला पंचवीस पूर्ण होणार होती. सर्जेराव आबांनी घरात सगळ्यांसमोर शब्द दिला होता, पोरगी नोकरीला लागली तर लग्नाचं एक वर्ष पुढं ढकलू. नाही लागली तर दिवाळीनंतर पाहुणे येणारच होते. हे सगळं तिला चाचाला सांगायचं होतं. पण माणसं फातेह्याला जमायला लागली होती.

*

आसमीन स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे सगळं ऐकत होती. तिच्या शेजारी नणंद सबीना कांद्याच्या चकत्या करत होती. सबीना दौंडला दिलेली. आदल्या संध्याकाळी ती मुलांना सासूकडे ठेवून एकटी आली होती.

"एवढंच ना," सबीना म्हणाली. "आरिफ आला की मी सांगते. तिथं साहेब होऊन बसलाय, एक नाव काढता येत नाही का."

"आपा, आधी फातेहा होऊ दे."

"का?"

"होऊ दे तर."

सबीनाने सुरी ठेवली. "तुला काय माहीत आहे?"

आसमीनने दालच्याच्या पातेल्याचं झाकण उचललं, डाव फिरवला, झाकण परत ठेवलं. तिला माहीत होतं. अम्मीच्या जाण्याला आठ दिवस झाले नसतील. आरिफने जेवताना मोबाईलवर सेंटरची यादी दाखवली होती. अम्मीने नोंदवलेल्या एका पोरीच्या नावापुढे, कामावर आहे म्हणून, हिरवी टिक आली होती. 'अब्बा दाबतायत वाटतं,' तो म्हणाला होता. आणि ती म्हणाली होती, 'दाबू दे की.' महिनाअखेर जवळ होती. टिकलेल्या पोरींचा आकडा भरला तरच आरिफची नेमणुकीची ऑर्डर पुढच्या वर्षाला वाढणार होती.

"काही नाही," ती म्हणाली. "कोथिंबीर द्या."

*

फातेहा झाला. पंगत उठली. सर्जेरावांनी मसालेभात दोनदा घेतला आणि आसमीनला मुद्दाम सांगितलं की खुर्शिदवहिनीच्या हातासारखा झालाय. मौलवीसाहेबांना सोडून आरिफ परत आला तेव्हा चार वाजले होते. बाहेरची माणसं पांगली होती. पुढच्या खोलीत कासम, सर्जेराव, सायली आणि सबीना बसले होते. आसमीन आतल्या दारात उभी होती.

कासमने सगळं सांगितलं. आरिफने मधेच थांबवलं नाही. मग तो म्हणाला, "सायली, तू मला आधी फोन करायचा होता."

"तुम्ही आज घरी हुता, दादा. चाळिसाव्याच्या दिवशी कसा करू?"

"बरं. पण हे माझ्या हातात नाही. एकदा टिक झाली की बदल पुण्याहून होतो. कारण लिहून द्यावं लागतं."

"मग लिही," सबीना म्हणाली.

"काय लिहू? की फोन सायलीने घेतलाच नाही? मग ते नंबर बघणार. एका नंबरावर सदुसष्ट नावं. नंबर कुणाचा, सेंटर इन्चार्जच्या बापाचा. फॉर्म कुणी भरले, त्याच्या आईने. याला ते काय म्हणतील, आपा?"

"काय म्हणतील?"

"बोगस. सदुसष्टच्या सदुसष्ट बोगस. आणि चौकशीच्या कागदावर पहिलं नाव येईल खुर्शिद कासम."

सबीनाचा चेहरा बदललेला आसमीनला दारातून दिसला.

"अम्मी उन्हातान्हात दारोदार फिरली," सबीना म्हणाली. "तिला बोगस म्हणणार?"

"मी नाही म्हणत. ते म्हणतील. त्यांनी अम्मीला कधी बघितलंय?"

"मग नको लिहू." ती सायलीकडे वळली. "सायली, तू मला बहिणीसारखी आहेस. दौंडला माझ्या ओळखी आहेत. तुझ्यासाठी दुसरं काही बघते. पण हे नको."

सर्जेरावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आसं आसंल तर ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "मी भांडायला म्हणूनच आलो हुतो, खोटं कशाला बोलू. पर वहिनीच्या नावाला डाग लागणार आसंल तर आमाला न्हाई ती नोकरी. आमची पोर काय उपाशी न्हाई."

"आबा," सायली म्हणाली.

"घरी बोलू."

"घरी काय बोलायचं? नाव माझं हाय, तुम्ही कसं सोडताय?" तिचा आवाज चढला नाही. "मी पंचविसाची झाले की ही भरती मला न्हाई. सबीनाआपा वळखी काढत्याल, तवर पाहुणे येऊन जात्याल. तुम्हीच म्हणला हुता, नोकरी लागली तर थांबू."

"आगं, माणूस गेलंय त्येंच्या घरातलं."

"माझी बी कुणी तरी हुती ती."

सर्जेराव टोपीवरची धूळ झटकत राहिले.

आसमीन दारातून पुढे आली. सासऱ्यासमोर आणि सर्जेरावांसमोर ती एवढं कधी बोलली नव्हती. "अम्मीचं नाव वाचवायचंय की तुमची ऑर्डर?" ती आरिफला म्हणाली.

"आसमीन."

"यांना महिन्यापासून माहीत होतं, अब्बा. अम्मी गेल्यावर पण टिका हिरव्या होत होत्या. यांनी मला दाखवलं. मी म्हणाले, दाबू दे. मी पण म्हणाले." तिने डोक्यावरची ओढणी सारखी केली. "तेव्हा त्या टिकेमागे सायली असेल असं डोक्यात आलं नाही. नुसता आकडा दिसत होता."

"तू खरंच बघितलंस?" सबीनाने भावाला विचारलं.

"बघितलं."

"आणि गप्प बसलास?"

"काय करायला पाहिजे होतं मी?" आरिफ म्हणाला. "अब्बा जेवत नव्हते तेव्हा. बोलत नव्हते. दुकानात बसायला लागले तेवढंच बरं वाटत होतं. त्यांना जाऊन सांगू, तुम्ही चुकीचं बटण दाबताय म्हणून?" त्याने कपाळ चोळलं. "आणि ऑर्डरचं पण होतं. ते नाही म्हणत नाही मी. पण आपा, सरकारी होतं तेव्हा तरी कोण विचारत होतं? अब्बांच्या कार्डाचं काय झालं? निदान आता पोरी कुठेतरी लागतात. माझ्याच सेंटरमधून लागल्यात. मी खुर्चीवर नसलो तर जो येईल तो केंदूरला पाय ठेवणार नाही."

हे खरं होतं. सायलीलाही ते खरं वाटलं. कोरेगावची बस बंद झाली तेव्हा आरिफदादाच कंपनीच्या एचआरकडे दोनदा जाऊन आला होता.

कासम इतका वेळ खाली बघत होता. "मी आता थोडं खोटं बोललो," तो म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले.

"फेऱ्यांचं. एकदा दोनदा झालं तसं. बाकी फोन आला की मी हातातली तार ठेवायचो. नीट ऐकायचो. ती बाई नाव घ्यायची. म्हाळूची सून. त्या शेवंताबाईची पोरगी. सायली. सगळ्या खुर्शिदनंच आणलेल्या, ह्याच घरात च्या प्यायलेल्या. मग ती म्हणायची, नसाल तर दोन दाबा." त्याने उजवा हात उघडून पाहिला. वार्निशने बोटांची टोकं काळी होती. "दोनवर बोट जाईना. खुर्शिदची पोरगी कामावर न्हाई, असं मीच कसं सांगू. वाटायचं, एक दाबला की तिचं काम चालू हाय."

सर्जेरावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"आन् मला चालता येत न्हाई असं बी न्हाई," कासम पुढे म्हणाला. "म्हाळूचं घर तिसऱ्या गल्लीत हाय. जाऊन इचारता आलं असतं. गेलो न्हाई. कुणाच्या बी दारात गेलो की घरची बाई रडायला लागायची खुर्शिदचं नाव काढून. मला ते सोसत नव्हतं." तो आरिफकडे वळला. "कागद काढ."

"अब्बा, विचार करा."

"केला. लिही. माझी बायको पोरींच्या घरी जाऊन इचारून मग बटण दाबत हुती. ती गेल्यावर मी न इचारता दाबलं. फोन माझा, बोट माझं. एवढंच."

"ते हे वाचणार नाहीत. ते नंबर बघणार."

"बघू दे. ती खरं करत हुती हे कुठं तरी लिवलेलं पाहिजे. तू गप बसलास तर तेवढं बी लिवलं जाणार न्हाई."

आरिफने सबीनाकडे पाहिलं. सबीना रडत होती, पण या वेळी तिने नको म्हटलं नाही. तिने आपल्या पर्समधून पेन काढलं.

"माझं पण लिहितो," आरिफ म्हणाला. "मी बघितलं होतं ते."

"ते तू ठरव."

"वेगळ्या कागदावर लिहितो."

सर्जेराव उठले, टोपी घातली आणि परत बसले. "सोमवारी माझी गाडी काढू," ते म्हणाले. "आपल्याच पोरीसाठी जायचं तर एष्टीची वाट कोण बघणार. पर ह्या अर्जाला कागद लागत्यात किती?"

"आधार आणि ती स्वतः," आरिफ म्हणाला. "स्वतः हजर राहिल्याशिवाय अडकलेलं नाव उघडत नाही. हा नियम मात्र कडक आहे."

"मंजी हापिसात यायचं, आन् सांगायचं की मी कामावर न्हाई."

"हो."

"लग्नाच्या मांडवात बी एवढं तपासत न्हाईत," सर्जेराव म्हणाले, आणि पहिल्यांदाच सायली हसली.

*

सोमवारी सेंटर उघडायच्या आधीच ते दारात होते. आरिफने दोन्ही कागद स्कॅन करून पुण्याला पाठवले. मग तो फोन लावत राहिला. पुण्याच्या बाईने आधी उद्या बघते म्हणून सांगितलं. आरिफने तिला आपलं नाव, आईचं नाव आणि नंबर कुणाचा ते सगळं सांगितलं. मग तिने होल्ड करायला सांगितलं. कासम बाकावर बसला होता. समोरच्या भिंतीवर पोस्टरमध्ये हेल्मेट घातलेल्या मुली हसत होत्या. त्यातली एकही शिरूर तालुक्यातली वाटत नव्हती.

अकराला वीस मिनिटं असताना सायलीचं नाव उघडलं. तिने अंगठा दिला, आधार दाखवलं, आणि नाव यादीच्या शेवटच्या ओळीत गेलं. मुलाखत पुढच्या आठवड्यात आहे. पन्नास नावं आहेत आणि जागा बारा. सायलीने ते ऐकलं आणि बरं म्हणाली. परत येताना गाडीत तिने आजोबांना वायरिंगचे प्रश्न विचारायला लावले. त्यांना ते वाचता येत नव्हते; तिने सांगितले तसे त्यांनी विचारले.

आरिफला चौकशीचं पत्र बुधवारी आलं. तो रोज कामावर जातोय. ऑर्डरचं काय होणार, ते त्याला कुणी सांगितलेलं नाही. संस्थेनेही गावासाठी दुसरी बाई अजून नेमलेली नाही.

त्या चाळीस दिवसांत कासमने सतरा नावांसाठी एक दाबला होता. आरिफने यादी काढून दिली आणि कासमने दुकान दुपारी बंद ठेवायला सुरुवात केली. तो चालत जातो. पोरीची आई खुर्शिदचं नाव काढून रडते, तो बसून राहतो, मग विचारतो. सहा जणी खरोखरच कामावर निघाल्या. पाच जणींना सर्जेरावांच्या गाडीतून शिरूरला नेऊन नावं उघडून आणली. एकीच्या नवऱ्याने दारातूनच नाही म्हणून सांगितलं, त्याच्याकडे पुन्हा जायचं आहे. म्हाळूची सून बाळंतपणाला माहेरी केडगावला गेली आहे, सबीना दौंडहून तिकडे जाणार आहे. तिघी गाव सोडून गेल्या, त्यांचा ठिकाणा लागलेला नाही. एका पोरीचं नाव यादीत आहे, पण ती कुणाची, हे गावात कुणालाच सांगता येत नाही. ते फक्त खुर्शिदला माहीत होतं.

टिकलेल्या पोरींचा आकडा महिनाअखेरीला पुण्याला जातो, आणि महिना संपायला नऊ दिवस आहेत. सहा नावं अजून उघडायची राहिली आहेत.